ठकी, ससा आणि दुसरा ससा

मागच्या महिन्यात गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठकीचा, म्हणजे माझ्या कुत्रीचा, तोंडात ससा धरलेला फोटो टाकला आणि अर्ध्या लोकांनी "भावा जेलात जाशील" म्हणून लिहिलं, उरलेल्यांनी "कसं शिकवलं ते सांग". आईनं नुसता कपाळाला हात लावलेला इमोजी पाठवला, तिच्या गळ्यात माळ आहे, तिचं बरोबरच आहे.

तर "कसं शिकवलं" वाल्यांसाठी हे लिहितोय. त्यातही जे इंग्लंडात राहतात आणि असलं कुत्रं घ्यावं का म्हणून घुटमळतायत त्यांच्यासाठी. भारतात बसून वाचत असाल तर नुसतं वाचा, करायला जाऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिकडं सशाच्या मागं कुत्रं घालणं गुन्हा आहे.

मी आटपाडीकडचा. आजोबांकडं कारवानी कुत्री होती, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, आणि त्यांच्या तोंडून जुन्या काळच्या सशांच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. मी पोटापाण्यासाठी एक्स-रे काढतो, इथं त्याला रेडिओग्राफर म्हणतात, आणि २०२१ पासून लिंकनशायरमध्ये आहे. घर गावाच्या टोकाला, पलीकडं वोल्ड्सच्या टेकड्या सुरू होतात. शेजारी एक म्हातारबुवा राहतात, वय ७८, परसात फेरेट पाळलेली. फेरेट म्हणजे आपल्या मुंगसाच्या चणीचं पण पाळीव जनावर, बिळात सोडलं की ससे बाहेर काढतं. त्यांचं जुनं लर्चर कुत्रं २०२२ च्या हिवाळ्यात गेलं आणि त्यांना आता नवीन पिल्लू झेपणार नव्हतं. मी म्हटलं मी घेतो, तुम्ही शिकवा. ते म्हणाले आधी परवानगीचं बघ, कुत्र्याचं मग.

हा सल्ला सोन्याचा निघाला. लोक आधी कुत्रं घेतात आणि मग जमीन शोधत फिरतात.

लर्चर ही जात नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट असल्या नजरेनं शिकार धरणाऱ्या कुत्र्याचा कुठल्या तरी डोकेबाज किंवा चिवट कुत्र्याशी केलेला संकर. वेग एकाचा, अक्कल दुसऱ्याची, असा हिशोब असतो. दर वेळी जमतोच असं नाही.

परवानगीसाठी म्हातारबुवांनी मला त्यांच्या ओळखीच्या शेतमालकीणबाईंकडं नेलं. बाईंचा प्रश्न सरळ होता, गव्हाच्या कडेची १५-२० फूट पट्टी ससे दर हिवाळ्यात कुरतडून जमिनीला लावतात, आणि १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली ससे आटोक्यात ठेवायची जबाबदारी शेतकऱ्यावरच येते. तरी पहिल्या भेटीत त्या हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, कुत्रं आधी माझ्या मेंढ्यांमधून चालवून दाखव, मग सही करते. म्हणजे सही मिळायला पुढं वर्ष लागलं. पण दार उघडं होतं.

२२ एप्रिल २०२३ ला शनिवारी दोन तास गाडी चालवून पिल्लू बघायला गेलो. इथं आता सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदाराकडून किंवा दलालाकडून घेता येत नाही, २०२० पासूनचा नियम, ज्यानं पैदास केली त्याच्याकडून (किंवा बेवारस कुत्र्यांच्या संस्थेकडून) घ्यायचं आणि पिल्लू आईबरोबर बघायचं. आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तसंच गाडीत बसा. ही आई बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेटची, दोरीसारख्या केसांची, बाप शुद्ध व्हिपेट. सहा पिल्लं होती, त्यातली एक माझ्या बुटाची नाडी सोडवत बसली, बाकीची झोपलेली. म्हातारबुवा म्हणाले नाडीवाली घे. ३५० पौंड दिले. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली होती, आठ आठवड्यांच्या आत ती बसवणं सक्तीचंच आहे, पण डेटाबेसवर चिप आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नका, मी तीन आठवडे विसरलो होतो.

नाव ठकी ठेवलं. व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या, रिसेप्शनवर तिला "थॅकी" म्हणून पुकारतात, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

पहिले चार महिने शिकार हा शब्दच नव्हता. लसीचे दोन डोस, ७२ पौंड, त्यानंतर बाहेर. म्हातारबुवांची शाळा अशी की जेवणाची वाटी खाली ठेवायची आणि तिनं बसून माझ्याकडं बघेपर्यंत खायचं नाही. दारातून आधी मी, मग ती. शिट्टी वाजली की धावत यायचं, आणि आली की दर वेळी काहीतरी मिळायचं, कधी चिकनचा तुकडा, कधी नुसती पाठ थोपटायची. आली आणि लगेच पट्टा घातला असं कधीच करायचं नाही, नाहीतर येणं म्हणजे मजा संपणं हे तिच्या डोक्यात बसतं. दहादा बोलवा, नऊदा परत सोडा. हे एवढं एकच जरी पाळलंत तरी निम्मं काम झालं असं समजा.

सशाच्या सुकवलेल्या कातड्याचा गोळा करून रोज तीन-चारदाच फेकायचा, त्याहून जास्त नाही, आणि तिनं आणून हातात दिला की हिसकायचा नाही. हिसकलं तर ती दात आवळायला शिकते. पुढं खरा ससा आणला तर तो चिरडलेला येतो, इथले लोक त्याला कडक तोंडाचं कुत्रं म्हणतात आणि ते एकदा झालं की दुरुस्त होत नाही म्हणतात. मी गुडघ्यावर बसायचो, ती यायची, मी गोळ्याला हातच लावायचो नाही, तिची छाती खाजवत बसायचो, थोड्या वेळानं ती आपणहून सोडायची.

फेरेटशी ओळख जाळीतून. पहिल्याच दिवशी तिनं नाक घातलं आणि फेरेटनं नाकाला चावा घेतला, त्यानंतर आजतागायत तिनं एकाही फेरेटकडं वाकडं बघितलेलं नाही. कोंबड्यांचा अभ्यास मात्र दोन महिने चालला.

मेंढ्यांबद्दल थोडं लांबण लावतो, कारण इथं नवीन माणसाला त्याचं गांभीर्य कळत नाही. कुत्रं मेंढ्यांच्या मागं लागणं हाच इथं गुन्हा आहे, चावलं नाही तरी, १९५३ पासूनचा कायदा आहे, आणि दुसरा काही उपायच उरला नाही तर शेतकऱ्यानं कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याच्या बाजूनं उभा राहू शकतो. ठकी पाच महिन्यांची असताना आम्ही आठवड्यातून तीनदा पट्ट्यावर मेंढ्यांमधून चालायला लागलो. करायचं काही नाही, नुसतं चालायचं. तिनं मेंढीकडं बघितलं की मी दिशा बदलायचो, माझ्याकडं बघितलं की तुकडा. लोकांना वाटतं मारून शिकवायला लागतं. इथं काम झालं ते कंटाळ्यानं. नवव्या आठवड्यात ती मेंढ्यांच्या मधोमध उभी राहून जांभई द्यायला लागली आणि म्हातारबुवा म्हणाले, आत्ता झालं.

या सगळ्या काळात पळवायची घाई मात्र मला प्रचंड. सहा महिन्यांची झाली तर काय पळायची! म्हातारबुवा नको म्हणत होते, पण मला पटलं ते माझ्याच कामावरून. मी दिवसभर लहान पोरांच्या हाडांचे एक्स-रे काढतो, हाडाच्या टोकाशी वाढीची चकती काळ्या रेघेसारखी दिसते, ती भरून यायच्या आधी तिथं मार बसला तर हाड वाकडं वाढू शकतं. कुत्र्यात ही रेघ बुजायला साधारण वर्ष तरी जातं. तेव्हा वर्षाच्या आत उड्या नाहीत, जोराची पळापळ नाही, आपल्या मनानं बागडेल तेवढंच.

मग आला २०२३ चा नोव्हेंबर, आणि मी गाढवपणा केला.

गावाबाहेरच्या पायवाटेवर तिला मोकळी सोडलेली. नांगरलेल्या रानातून चाळीस पावलांवर एक ढेकूळ उठलं आणि पळायला लागलं. हेअर, म्हणजे दुसरा ससा, पुढं सांगतो. ठकी गेली. शिट्टी, नाव, शिव्या, सगळं वाऱ्यावर. दोन शेतं ओलांडून दोघंही टेकडीच्या पलीकडं गेले. चाळीस मिनिटं मी एका फाटकापाशी उभा होतो, पलीकडं हमरस्त्यावरच्या ट्रकचा आवाज येत होता, आणि त्या चाळीस मिनिटांत मनात काय काय आलं ते लिहीत नाही. आली तेव्हा जीभ गुडघ्याला, एक नख तुटलेलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की रागावताच येईना. रागवायचं नसतंच म्हणा, आली म्हणून रागावलं तर पुढच्या वेळी येणार नाही.

म्हातारबुवांना सांगितलं की ससा उठला आणि गेली, रॅबिट म्हणालो मी. त्यांनी विचारलं केवढा होता, कान कसे, बिळाकडं पळाला का उघड्यावर. मी वर्णन केलं तसे ते गंभीर झाले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट उजेड पडला. आपण मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो. आजोबांच्या गोष्टीतला, माणदेशाच्या माळावरचा ससा म्हणजे हेअर. तो बीळ करत नाही, झुडपाबुडी खळग्यात दबून बसतो, उठला की उघड्या रानात पळतो. इथला रॅबिट लहान, आखूड कानांचा, शेपटीचा पांढरा झुपका दाखवत बिळात घुसतो. इथल्या हेअरच्या कानांची टोकं काळी असतात, पाय लांब, पळताना हरणाच्या पाडसासारखा वाटतो. माझ्या भाषेत एकच जनावर, इथल्या कायद्यात दोन, आणि त्या दोनांच्या मध्ये तुरुंग.

म्हणजे असं. २००४ चा हंटिंग ॲक्ट १८ फेब्रुवारी २००५ ला लागू झाला आणि जंगली जनावराच्या मागं कुत्रं घालणं बंद झालं. आमच्या कामाची सूट एवढीच की रॅबिट आणि उंदीर-घुशी चालतात, ते पण जमीन आपली असेल किंवा मालकाची परवानगी असेल तर. हेअर नाही. त्यात लिंकनशायर म्हणजे हेअरच्या चोरट्या शर्यतींचं माहेरघर, बाहेरून गाड्या भरून लोक येतात, सपाट रानात कुत्री सोडतात, सट्टा लावतात, उभ्या पिकातून गाड्या घालतात. पोलिसांची ऑपरेशन गॅलिलिओ नावाची मोहीमच आहे त्याच्यावर. ऑगस्ट २०२२ पासून शिक्षाही वाढली, दंडाला वरची मर्यादा नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि कोर्ट कुत्रं पाळायलाच बंदी घालू शकतं. चुकून सुटलेलं कुत्रं म्हणजे शिकार नव्हे हे खरं, पण संध्याकाळी रानाच्या कडेला लर्चर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगत बसायची वेळ का आणा.

त्या दिवसापासून दहा मीटरची लांब दोरी. तीन महिने. हेअर दिसेल अशा रानात मुद्दाम जायचं, लांबून दिसला की तिचे कान ताठ व्हायच्या क्षणाला शिट्टी, वळली की मेजवानी. कान ताठ झाल्यावर एक सेकंद असतो, त्या सेकंदात वाजली तर ऐकते, पाय उचलल्यावर वाजली तर उपयोग नाही. मला तो सेकंद दिसायला लागायलाच दीड महिना गेला, तोवर माझ्या तळव्यांना दोरीचे वळ.

मार्च २०२४ मध्ये काटेरी तार. झुडपात लपलेली जुनी तार होती, ठकी ओरडली पण नाही, परत आली तर मांडीची कातडी पिशवीसारखी लोंबत होती, तळहाताएवढी. या कुत्र्यांची कातडी कागदासारखी पातळ असते आणि अंगावर चरबी नसते, त्यामुळं भूल देताना व्हेटनं जरा जपून द्यावी लागते, आपणही आठवण करावी. १९ टाके, ६१२ पौंड. विमा होता, पण मी फॉर्मवर पाळीव या रकान्यात खूण केली होती, कामाचं कुत्रं असा वेगळा रकाना होता तो वाचलाच नव्हता, क्लेम नाकारला. चूक माझी, तो रकाना शोधून वाचा. तेव्हापासून कुठल्याही नवीन रानात आधी मी एकटा कडेकडेनं चालून येतो, तार, तुटके पत्रे, जुनी यंत्रं बघून ठेवतो. गाडीत क्लिंग फिल्म, सलाइनची बाटली आणि स्वच्छ टॉवेल असतो.

एप्रिलमध्ये मालकीणबाईंनी मेंढ्यांमधून आमची परेड बघितली आणि सही केली. पत्रात काय असावं ते सांगतो: माझं नाव-पत्ता, शेताचा नकाशा आणि हद्द, कुत्रं आणि फेरेट वापरून रॅबिट धरायची परवानगी असं स्पष्ट वाक्य, तारीख, बाईंचा फोन नंबर. दरवर्षी नवीन घ्या. एक प्रत गाडीत, एक खिशात, एक फोनमध्ये. शिवाय बीएएससीचं, म्हणजे इथल्या शिकारी-नेमबाजांच्या संघटनेचं, सदस्यत्व घेतलं, त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा येतो.

उन्हाळ्यात काम नसतं, गवत उंच, सशाची पिल्लं लहान. सप्टेंबरमध्ये ठकीनं पहिला ससा आणला तेव्हा मी आनंदानं ओरडलो, आणि म्हातारबुवांनी तो हातात घेऊन मला डोळे दाखवले, सुजून बंद झालेले, पू भरलेले. मिक्सोमॅटोसिस. १९५३ मध्ये हा रोग या देशात आला आणि अजून दर उन्हाळ्याच्या शेवटाला डोकं वर काढतोच. आंधळा ससा कुणीही धरेल. कुत्र्याला तो रोग होत नाही, पण म्हातारबुवांनी तो मोजला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही मोजावासा वाटला नाही.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी बांधावरून परत येताना पोलिसांची गाडी आडवी आली. लर्चर, अंधार, आणि मी, कुणीतरी फोन केला असणार. छातीत धडधडत होतं, व्हिसावर राहणाऱ्या माणसाला पोलीस म्हटलं की आधी पासपोर्टच आठवतो. पत्र दाखवलं. निघताना १०१ वर, म्हणजे पोलिसांच्या तातडी नसलेल्या कामांच्या नंबरवर, फोन करून अमुक शेतात कुत्रं घेऊन जातोय असं कळवलं होतं, त्याचा नोंद क्रमांक दिला. गाडीतल्या पोलीसबाईंनी रेडिओवर विचारलं, दोन मिनिटांत हो आलं, मग खाली बसून ठकीचे कान कुरवाळले आणि गेल्या. सगळं मिळून दहा मिनिटं. तो १०१ चा फोन फुकट आहे, इतकंच म्हणतो.

आणि मग ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. पाला झडलेला, पहिलं खरं दव गोठलेलं. बांधाच्या उतारावर चौदा बिळं. ठकी एकेका तोंडाशी जायची, हुंगायची, पुढं. सहाव्यावर थांबली. पुढचा उजवा पाय वर, मान तिरकी, जमिनीच्या आतलं ऐकत असल्यासारखी, आणि शेपटीचं फक्त टोक हलत होतं. याला मार्क देणं म्हणतात. म्हातारबुवांचा नियम, तिनं मार्क दिला नाही तर फेरेट घालायचंच नाही, आणि दिला तर तिच्यावर शंका घ्यायची नाही, घेतली तर ती सांगणं सोडते. अकरा तोंडांवर जाळ्या लावल्या, तीन तिच्यासाठी मोकळी ठेवली. फेरेटच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर असतो, आत अडकलं तर खणायला कळतं. ते आत गेलं. पाच मिनिटं काही नाही. मग पायाखाली धप, धप, ससे आत पाय आपटतात ते. एक जाळीत आला. दुसरा मोकळ्या तोंडातून सुटला आणि कुंपणाकडं निघाला, ठकीनं त्याला जेमतेम तीस मीटरमध्ये वळवलं, एकदा चुकली, घसरली, परत उठली आणि धरला.

आणि चालत आली. मी गुडघ्यावर बसलो, छाती खाजवली, तिनं सोडला. जिवंत, एक ओरखडा नाही.

पुढचं काम माझं होतं. मान मोडायची रीत म्हातारबुवांनी मेलेल्या सशांवर दहा-पंधरा वेळा गिरवून घेतली होती, त्यामुळं झटक्यात झालं, पण नंतर माझे हात थंडीपेक्षा जास्त थरथरत होते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कुत्रं घ्यावं, पळवावं, चेंडू फेकावा, हे काम करू नये. ठकीला त्यात काही विशेष वाटलं नाही, ती केव्हाच आठव्या बिळाशी जाऊन उभी होती.

त्या दिवशी सात झाले. चार मालकीणबाईंना, दोन म्हातारबुवांना, एक आमच्याकडं. रानातला ससा बोकडासारखा शिजेल असं समजू नका, दीड तास मंद आचेवर ठेवावा लागतो, आणि येसूर घातला तर उग्र वास राहत नाही. आतली आतडी कुत्र्याला कच्ची देऊ नका, पट्टकृमी होतात.

हेअरचं राहिलंच. यंदा १८ जानेवारीला फेरेट आत, ठकी मोकळी, आणि मागच्या हिरव्या गव्हातून, पंचवीस पावलांवर, एक हेअर उठला. काळी टोकं स्पष्ट दिसली. तिचे कान ताठ झाले. मी शिट्टी तोंडात घातली तर ओठ कोरडे, पहिली फुंकर वायाच गेली, दुसरी लागली. तोवर ती चार ढांगा गेलेली. पाचवी टाकली नाही. तिथंच उभी राहिली, त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा त्याच्याकडं, आणि मग मान खाली घालून, अगदी रस्ताभर कुरकुरत, माझ्याकडं आली.

म्हातारबुवा काही बोलले नाहीत. फ्लास्कमधून चहा ओतला, सँडविच उघडलं आणि आतला हॅमचा काप तिला दिला. कामावर असताना कुत्र्याला आपल्या हातातलं खायला देऊ नकोस म्हणून याच माणसानं मला दोनदा झापलं होतं. ठकीनं तो न चावता गिळला आणि दुसरा मागितला.